बाळंतिणीची खोली

"घरातलं दुसरं काहीबी माग," प्रल्हाद म्हणाले, "पण ते खोली नको मागू."

"दुसरं काय हाये घरात मागण्यासारखं?"

त्यांनी घराकडे एकदा नीट पाहून घेतलं. प्रल्हाद म्हणजे माझे यजमान. तेव्हा मी त्यांचं नाव घेत नव्हते. आता वयानं तेवढी सूट मिळाली आहे.

आम्ही घरामागं कुटाराच्या ढिगाशी उभे होतो. सोयाबीनची मळणी नुकतीच झाली होती. दाणे निघाल्यावर शेंगांचा आणि काड्यांचा जो भुगा उरतो, ते कुटार. थोडं बैलांपुढं टाकायचं, बाकीचं पेटवून द्यायचं, अशी आमच्या कारंज्याकडची रीत. मला त्या कुटारावर सात्या पिकवायच्या होत्या. सात्या म्हणजे रानात आपोआप उगवतात त्या अळंब्या. मी शिकून आले होते ती मात्र धिंगरी, घरात पिशव्यांमध्ये पिकवायची.

शिकायला मी काही हौसेनं गेले नव्हते. आमच्या बचत गटातून कुणाला तरी तालुक्याला प्रशिक्षणाला पाठवायचं होतं. दोन-तीन दिवस घर सोडावं लागेल असं कुठलंही काम निघालं की सगळ्या माझ्याकडे बघत. लेकुरवाळ्यांना सवड कुठली? कुंदाला काय, ना पोर ना बाळ. अशी मी मेणबत्त्या शिकून आले होते, फिनेल शिकून आले होते, एकदा तर शेळ्यांचे रोग शिकून आले होते, घरी शेळी नसताना. दमले होते मी त्या सगळ्याला. पण धिंगरी शिकवणाऱ्या बाईंनी कुटार भरलेली एक पिशवी पुढ्यात आणून ठेवली. ती आतून कापसासारखी पांढरी झाली होती आणि तिच्या अंगातून शिंपल्यासारख्या फताड्या छत्र्या बाहेर आल्या होत्या. बाई म्हणाल्या, "धानाचा पेंढाच लागतो असं कुणी सांगितलं? तुमच्याकडे कुटार आहे ना, ते त्याहून बरं." जे आम्ही जाळून टाकतो त्याच्यातून हे येतं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

त्याला फक्त गार, अंधारी आणि ओलसर खोली हवी होती. आमचं घर टिनाचं, दुपारी आत पापड भाजून निघावा असं. मागची एकच खोली मातीच्या भिंतींची आणि कवेलूच्या छपराची होती, एका लहान खिडकीची. ती बाळंतिणीची खोली.

माझ्या सासूबाई, अनसूयाबाई, गावाच्या अनसामाय आणि माझ्या आई. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली होती, तरी घरी आल्यावर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला, शेकायला, धुरी द्यायला लोक त्यांनाच बोलवत. अर्धं गाव त्यांच्या पायांवर न्हालं होतं. सरपंच भर सभेत जोरात बोलायला लागला की त्या पदराआड म्हणत, "लायनपनी पाणी पडलं की असाच बोंबलत होता." नणंदांची बाळंतपणं त्या मागच्या खोलीत झाली. मी लग्न होऊन आल्यापासून मात्र खोली रिकामी होती. आढ्याला पाळण्याची लोखंडी कडी होती आणि भिंतीतल्या कोनाड्यात एक पत्र्याचा डबा होता. डब्यात ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. ओव्याचा वास उडतो म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर आई नवा ओवा आणत, उन्हात बसून निवडत आणि जुना काढून नवा भरून ठेवत. तो डबा कुणासाठी आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं. सरपंचाच्या लेकीला शेकताना ऐन वेळी ओवा संपला, तेव्हा आईंनी बंद झालेलं दुकान उघडायला लावलं, पण त्या डब्याला हात लावला नाही.

आणि मी ती खोली मागणार होते.

शेवटी मीच विचारलं. आई अंगणात तूर पाखडत होत्या.

"कायले पायजे?"

"सात्या लावायच्या हायेत."

सुपातली तूर तशीच राहिली. "सात्या लावते काय कोणी? सात्या आपोआप निंगते. कितीबी करा, देवाच्या मनात नसलं तं—" आमच्या घरात पुष्कळ वाक्यं अशी अर्ध्यात थांबत. पाऊस, पीक, कोंबडीची अंडी, काहीही बोलायला घ्या, जिथं जायला नको तिथंच येऊन पोचायचं.

सूप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "घे खोली. पण कडीले हात लावू नको. अन डबा तिथंच राहू दे."

मी बरं म्हटलं. खोली मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण आपण कुणाच्या तरी ताटातला घास उचलला असं वाटत राहिलं.

कुटार टाक्यात भिजत घातलं, लोखंडी ड्रमात कढत पाण्यातून काढलं, खाटेवर पसरून निथळवलं. आई बाजेवर बसून सगळं बघत होत्या आणि न विचारता बोलत होत्या. बैलाचं खाणं माणसाच्या पाण्यानं धुतात, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. धिंगरीचं बी म्हणजे शिजवलेले गहू असतात, त्यांच्यावर ती पांढरी बुरशी वाढवलेली असते. मी पुडी फोडली तशा त्या उठून जवळ आल्या.

"ह्या तं बुरसलेल्या घुगऱ्या होय व!"

"घुगऱ्या नाही आई, बी हाये."

"मले नको सांगू. गावातल्या साऱ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या मी. अशा कोणी वाटल्या असत्या तं भांडण झालं असतं."

मला हसू आलं. त्याही हसल्या. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो होतो.

प्रल्हादनी भिंतीपासून भिंतीपर्यंत बांबू टाकून दिले. एक थर कुटार, एक थर बी, असं करत पिशव्या भरल्या, तोंडं बांधली, भोकं पाडली आणि बांबूंना ओळीनं लटकवल्या. खोली भरून गेली. मधोमध कडीखालची जागा तेवढी मोकळी ठेवली.

मग वाट बघणं आलं. त्यात मी तरबेज होते. पण या वेळी माझ्याबरोबर आईही वाट बघायला लागल्या, हे मला जरा उशिरा कळलं. सकाळी मी खोलीत जायच्या आधी दाराची कडी काढलेली असायची. एकदा त्या आत उभ्या राहून एकेका पिशवीला पालथं मनगट लावून बघत होत्या, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.

"गरम लागते व अंगाले," त्या म्हणाल्या.

"आत बुरशी वाढते ना, म्हणून."

"हे दारापासचं अंगानं भरलं. ते कोपऱ्यातलं मांगं हाये. त्याच्याकडं पाय जरा."

पिशव्यांना त्या 'तुये गाठोडे' म्हणायच्या. काही दिवसांनी नुसतं 'आपले' म्हणायला लागल्या. शेजारच्या दुर्गाकाकूला त्यांनी हात धरून आणून दाखवलं. दुर्गाकाकू म्हणजे आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र. तिनं नाकाला पदर लावला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "सासूले बरं कामाले लावलं. रिकामे हात होते बिचारीचे." दुर्गाकाकूला उत्तर द्यायचं म्हणजे विहिरीत ओरडायचं, तेच परत आपल्या कानावर येतं.

पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. मी वरचं प्लास्टिक कापून काढलं, पाणी मारायला लागले. मग एका सकाळी कोपऱ्यातल्या त्या मागं राहिलेल्या पिशवीवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसले. पाठोपाठ बाकीच्यांवरही. आता चार-दोन दिवसांची बात होती. आणि नेमकी तेव्हाच आमची अमरावतीची तारीख आली.

अमरावतीचा दवाखाना आमच्या अंगवळणी पडला होता. त्याच्या आधी अकोला झालं होतं, त्याच्या आधी नवस, उपास, एका बाबाची मुळी आणि दोन देवांचे अंगारे झाले होते. रक्त काढणाऱ्या मुलीला माझ्या हाताची शीर न शोधता सापडायची. दर खेपेला जाताना आई अंगाऱ्याची पुडी माझ्या हातात द्यायच्या आणि मी ती ब्लाउजात ठेवायची. आल्यावर त्या काही विचारत नसत. मी पाण्याचा तांब्या कसा उचलते त्यावरून त्यांना कळायचं.

निघताना मी त्यांना खोलीतलं सांगितलं. "सकाळ-संध्याकाळ नुसतं पाणी मारायचं, आई. खिडकी उघडी ठेवायची. हवा लागते त्याले."

"थंडी किती पडली, पाहून राह्यली ना?"

"थंडी चांगली असते."

"तू जाय. मी हावो ना."

त्यांच्या भरवशावर गावानं लेकरं टाकली होती. माझ्या पिशव्यांची ती काय कथा, असं म्हणून मी गाडीत बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद वरखाली केले आणि म्हणाले, "अजून एक वेळ करून पाहू." ते नेहमी असंच म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे आता नको. बस झालं."

बोलल्यावर मीच प्रल्हादकडे बघितलं. ते खुर्चीवरून उठले, कागद गोळा केले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर आले. बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. दुसरा कप मागवला तेव्हा ते म्हणाले, "मी कवाचाच दमलो होतो. तुले वाईट वाटीन म्हणून बोललो नाही."

"अन मी तुमाले वाईट वाटीन म्हणून."

हसायचं का रडायचं ते कळेना. इतकी वर्षं दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत त्या बाकावर बसलो होतो.

"पण आईले कोण सांगते?" ते म्हणाले.

तिथं सगळं अडलं होतं. आई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. कुणी बोललं तर त्याच्या घराची पायरी त्या पुन्हा चढल्या नाहीत. म्हणूनच तर सांगणं अवघड. भांडखोर सासूला एका वाक्यात सांगून मोकळं होता आलं असतं. ह्यांना जाऊन म्हणायचं, तुम्ही गावाची लेकरं पायांवर घेतली, आता तुमचं घ्यायचं राहूनच जाणार. डबा काढून ठेवा.

"मी सांगीन," मी म्हटलं.

परतीच्या गाडीत मी मनाशी ठरवलं. सात्या निघाल्या असतील. पहिली टोपली तोडून आईंच्या पुढ्यात ठेवायची आणि मग सांगायचं. हातात काहीतरी असलं की सांगायला बळ येईल, रिकाम्या हातांनी नाही जमणार. बहिणीकडे मुक्काम करून निघालो होतो, डोळ्यांवर झोप होती, तरी ती टोपली मला सबंध रस्ताभर दिसत होती.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. ओवा, शेपा आणि जळत्या लसणाच्या सालींचा. कुणाचं तरी बाळंतपण झालेलं दिसतं, असं मी म्हणतेय तोवर दुर्गाकाकू ओट्यावरून ओरडली, "काऊन व कुंदे, तुमच्या घरी कोणती बाळंतीण आली? कालपासून धूर निंगून राह्यला!"

मी धावले. मागच्या खोलीचं दार बंद होतं. खिडकीत गोधडीचा बोळा कोंबला होता. दार ढकललं तर धूर अंगावर आला. खोलीच्या मधोमध, कडीच्या बरोबर खाली, शेगडी धुमसत होती आणि तिच्याशी आई बसल्या होत्या, डोळे लाल, कपाळावर घाम, हातात सूप घेऊन वारा घालत.

"आली व माय?" त्यांना इतक्या खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. "काय गारठा पडला परवा! गाठोडे थंडे पडले होते नुसते. मी म्हतलं, नाजूक जीव हाये, निळे पडतीन. काल सकाळपासून शेकून राह्यली त्याइले. पाय, कशी ऊब हाये."

मी जवळच्या पिशवीकडे बघितलं. टाचणीच्या डोक्यांएवढे ते कोंब वाळून काळे पडले होते. पांढरी पिशवी पिवळी पडली होती. दुसरी तशीच. तिसरी तशीच. त्या कोपऱ्यातल्या पिशवीवर एक जुडगा बोटभर वाढला होता, पण नुसते देठ, डोकी नाहीतच, वाकडेतिकडे, हवेसाठी तडफडल्यासारखे.

ओरडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. मी उंबऱ्यावर खाली बसले. प्रल्हादनी खिडकीतली गोधडी ओढून काढली.

"अजून शेकू काय?" आईंनी विचारलं.

"आई," मी म्हटलं, "मेलं सगळं. त्याले धूर चालत नाही. ओव्यानं बुरशी मरते."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आपले दोन्ही तळवे उघडून त्यांच्याकडे बघितलं.

"माह्या हातानं एकबी लेकरू गेलं नाही आजवर," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग भिंतीला धरून उठल्या आणि घरात गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. कुणीच नीट जेवलं नाही. अमरावतीचं कुणी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई उठायच्या आधीच दुर्गाकाकू हजर. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "एवढी शहाणी बाई, तिले एवढं समजत नाही? मुद्दाम केलं व. खोली द्यायचीच नव्हती तिले. तू कायम तिथं गाठोडे बांधले असते तं पाळणा कुठं बांधला असता?"

इतर वेळी मी ते एका कानानं ऐकून सोडून दिलं असतं. पण दमलेल्या माणसाला कुणी काहीही पटवू शकतं. मला वाटलं, असेलही. खोली दिली, पण मनातून कुठं दिली? कडीला हात लावू नको, डबा हलवू नको. माझ्या पिशव्या बिऱ्हाडकरू होत्या, घरमालकीण त्या आढ्याची कडी. मला सासूचा नाही, त्या कडीचा राग आला. उगाच एवढ्या वर्षांचा लोखंडाचा तुकडा, आणि माझ्या डोक्यावर तलवारीसारखा टांगलेला.

मी खोली साफ करायला घेतली. एकेक पिशवी उतरवून उकिरड्यावर नेऊन ओतली. भिंतींना धुराचा पिवळा हात चढला होता. कोनाडा पुसायला म्हणून मी डबा उचलला आणि तो हातात उडाल्यासारखा वर आला. मला त्याच्या वजनाची सवय होती, दर दिवाळीला तो मीच उतरवून द्यायची.

झाकण काढलं. ओवा नव्हता. शेपा नव्हत्या. वावडिंगाचा एक दाणा तळाला चिकटला होता, बस.

गल्लीच्या तोंडाशी वास आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. एवढी धुरी द्यायला एवढा ओवा आला कुठून?

आई परसात उन्हाला बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसले आणि डबा मध्ये ठेवला.

"डबा रिकामा हाये."

"हो."

"सगळाच?"

"थोडासा ठेवून काय करू? कोणासाठी?"

त्याच पुढं बोलल्या. "या खेपेले तू अंगाऱ्याची पुडी देवापाशीच ठेवून गेली. मी दिली, तू घेतली, अन जातानी ठेवून गेली. तवाच मी समजली."

खरं सांगायचं तर मला ते आठवतही नव्हतं. देवापाशी हात जोडले, पुडी तिथं टेकवली आणि तशीच निघाले असेन. माझ्याआधी माझ्या हातांनी ठरवलं होतं आणि ते यांनी बघितलं होतं.

"मले वाटलं, थकली पोरगी," आई म्हणाल्या. "अन मीबी थकली व. दरसाली ओवा आणा, निवडा, भरा. डोळे गेले माहे त्या ओव्यानं. तुले म्हणू कशी, बस कर म्हणून? तू म्हणशीन, सासूनं आस सोडली."

"आई—"

"मंग तुमची गाडी गेल्यावर आत गेली. थंडे पडले होते ते गाठोडे, खरंच सांगतो. मी म्हतलं, जे हाये त्याले तरी शेकू." त्यांनी डबा उचलून मांडीवर घेतला. "तेबी मारले."

मग मात्र मला रडू आलं. अमरावतीत आलं नव्हतं, पिशव्या उकिरड्यावर ओतताना आलं नव्हतं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाळाची ढेकर काढतात तशा थोपटत होत्या, त्यांना दुसरं थोपटणं येतच नव्हतं. गाडीत मनाशी जुळवलेलं एकही वाक्य मला बोलावं लागलं नाही.

मी पुन्हा बी आणलं. कुटाराला तोटा नव्हता. या वेळी पाणी आईंनी तापवलं. मी ड्रमाशी गेले तर म्हणाल्या, "सरक. पाणी कुठवर तापवाचं ते मले नको शिकवू." मी खोलीच्या भिंती चुन्यानं पोतारल्या, प्रल्हादनी बांबू पुन्हा टाकले. भरून झाल्यावर एक पिशवी उरली. बांबूवर जागा नव्हती. मी ती भिंतीशी जमिनीवर ठेवायला निघाले.

"खाली कायले ठेवतं?" आई म्हणाल्या. "थे कडी हाये ना."

प्रल्हादनी माझ्याकडे बघितलं. मी आईंकडे.

"पाहता काय? बांध रे." त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "रिकामी राहून राहून गंजली ते."

प्रल्हाद स्टुलावर चढले. कडी खरंच गंजली होती, दोरी ओवताना त्यांच्या बोटांना तांबडं लागलं. गाठ बसेपर्यंत आईंनी पिशवी खालून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मग हात काढले, तशी ती जरा झुलली. ती थांबेपर्यंत आमच्यापैकी कुणी हललं नाही.

"खिडकी उघडी ठेवजो," बाहेर येताना त्या म्हणाल्या, "अन मले शेगडीजवळ दिसली तं हाताले धरून उठवजो."

सात्या निघाल्या. पहिल्यांदा त्याच पिशवीला निघाल्या असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण तसं काही झालं नाही. पहिल्यांदा दारापासच्या पिशवीला निघाल्या आणि कडीची सगळ्यांत शेवटी. पांढऱ्या, तळहाताएवढ्या, एकावर एक. मी ठरवल्याप्रमाणे पहिली टोपली आईंच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्यांनी एक उचलली, उलटी केली, खालच्या बारीक झालरीवरून बोट फिरवलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं चुलीवर गहू शिजायचा वास आला.

दुपारी त्यांनी मला हाक मारली. पातेलंभर घुगऱ्या तयार होत्या, वर गूळ आणि खोबरं. नवं लुगडं नेसून त्या मला बरोबर घेऊन गल्लीत निघाल्या. प्रत्येक दारात ओंजळभर घुगऱ्या घालत. लोक गोंधळून घेत होते. अनसामायला विचारायची हिंमत कुणाची होईना. ती हिंमत अर्थातच दुर्गाकाकूची.

"कोणाच्या व घुगऱ्या, अनसामाय?"

"कुंदाच्या."

दुर्गाकाकूचे डोळे मोठे झाले आणि सरळ माझ्या पोटावर येऊन थांबले. माझा हात नकळत पदराकडे गेला. इतकी वर्षं तो तसाच जात होता. आईंनी पातेलं कमरेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं माझा तो हात धरून खाली केला.

"तिथं नको पाहू, दुर्गे," त्या म्हणाल्या. "मांगच्या खोलीत जाऊन पाय."